एकदा म्हणजे ये, दोनदा म्हणजे थांब

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (हा नुसता लिहिण्यापुरता. मी आपल्या बिऱ्हाडात बसून लिहितोय, आणि इथे आडवा झालो तर डोकं स्वयंपाकघरात आणि पाय न्हाणीघरात जातात. कपाटं तूच ठोकली आहेस, तुला वेगळं काय सांगायचं? तेव्हा नमस्कार बसल्या बसल्याच मानून घे.) आम्ही दोघं खुशाल आहोत. तुझा गुडघा काय म्हणतो? जेवणं वेळेवर होतात, की सकाळी अर्धा पाव आणि संध्याकाळी उरलेला अर्धा, असंच चाललंय? तू कळवणार नाहीस, पण विचारायची रीत आहे म्हणून विचारलं.

तुझं कार्ड पोचलं. 'बिऱ्हाड विकून टाक. मला आता तळ्यावर यायचं नाही.' सुतार माणूस तू, शब्दसुद्धा मापून कापतोस. वहिनी गेल्याला दोन वर्षं झाली. दोन्ही वर्षं तळ्यावरच्या सुट्टीला तू आला नाहीस म्हणून आम्हीही गेलो नाही, आणि आपलं हे चाकांवरचं घर आमच्या अंगणात उभं राहून कबुतरांचं झालं. तुझा शब्द मी आजवर मोडलेला नाही. (लहानपणीचा पतंगाचा प्रसंग सोड.) लगेच गिऱ्हाईक शोधलं. एक दातांचा डॉक्टर आहे, माणूस बरा वाटला. पण घड्याळ दुरुस्त केल्यावर ते एक दिवस चालवून पाहिल्याशिवाय मी गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही, मग अख्खं घर कसं देईन? म्हणून गुरुवारी ही आणि मी गाडी घेऊन तळ्यावर गेलो. निव्वळ तपासणीसाठी. हिने दोन आठवड्यांचं सामान का भरलं ते मी विचारलं नाही.

तपासणीचा निष्कर्ष आधीच सांगून टाकतो: गाडी विकण्याच्या लायकीचीच आहे आणि तळ्यावर पुन्हा पाऊल ठेवायची माझी मुळीच इच्छा नाही. आता घडलं ते ऐक.

आपली नेहमीची जागा रिकामी होती. तीच, पाण्याला लागून, शेजारी तुमची केबिन. (तुझ्या घोरण्यामुळे तुम्हा दोघांना केबिनमध्ये हद्दपार केलं होतं ना, तीच. आता पलीकडचा एक गृहस्थ घोरतो, पण त्यात तुझ्या तानांची फिरत नाही.) जागेत गाडी उलटी घालायची होती आणि इथेच मी अडलो. बावीस वर्षं गाडी उलटी घेतली ती मी आरशात बघून घेतलेली नाही. तू मागे उभा राहायचास आणि पत्र्यावर बोटाने वाजवायचास. एकदा म्हणजे ये, दोनदा म्हणजे थांब. आरशांचा उपयोग मी फक्त भांग पाडायला केला, आणि तोही भांग होता तोवर.

या वेळी मागे ही उभी राहिली. हिची पद्धत वेगळी. ही 'अहो, थोडं तिकडे' म्हणते आणि 'तिकडे म्हणजे कुठे' विचारलं की 'मघाशी होता तिकडे' म्हणते. अर्ध्या तासात आम्ही एक झाड वाचवलं आणि शेजाऱ्यांची कपडे वाळत घालायची दोरी कपड्यांसकट ओढून आणली. ही त्यांची माफी मागायला गेली. माफीनंतर पाककृतींची देवाणघेवाण असते, तेव्हा मी गाडी चालू ठेवून वाट बघत बसलो. जरा चाक सरकलं, आणि मागून आवाज आला. टक्.

एकदाच. म्हणजे ये. मी आलो. पुन्हा टक्. मी आणखी आलो. दादा, तुला कसं सांगू, इतकं बरं वाटलं! कोण वाजवतंय हा विचारच मनात आला नाही. मला वाटलं, तू आलास. दोन वर्षांत पहिल्यांदा मी निर्धास्तपणे गाडी मागे घेत होतो. शिट्टीमास्तर (तिथला व्यवस्थापक, तुझा जुना शत्रू) जिवाच्या आकांताने शिट्टी फुंकत होता, पण तो माणूस बदक फार जवळून पोहलं तरी शिट्टी फुंकतो, त्याच्याकडे कोण लक्ष देणार? टक्, टक् असं लागोपाठ दोनदा काही वाजेना. मग मी तरी का थांबू? थांबलो तेव्हा मागची चाकं तळ्यात होती, न्हाणीघरात पाणी नळाशिवाय आलं होतं आणि पायरीवर एक बदक बसून आत बघत होतं.

वाजवत होतं ते वहिनीचं दुधाचं पातेलं. तिच्यासाठी तू मागच्या भिंतीला खिळा ठोकून दिला होतास, त्यावर टांगलेलं. निघण्याआधी ती ते न विसरता फडक्यात गुंडाळायची. ते का गुंडाळतात हे आम्हाला कोणालाच कधी कळलं नाही, कारण ती गुंडाळत होती. प्रत्येक धक्क्याला ते पत्र्यावर आपटत होतं (वाटेत गाडीच्या खडखडाटात ते ऐकू आलं नसावं) आणि मला 'ये, ये' म्हणत होतं.

होड्या ओढायच्या ट्रॅक्टरने शिट्टीमास्तरने गाडी बाहेर काढली. दोर सोडता सोडता म्हणाला, "आणि मागे उभे राहणारे ते थोरले कुठायत? बाई कुठायत?" ही माझ्याकडे बघायला लागली. मला वहिनीचं काही बोलवेना. मी म्हटलं, "थोरले येतायत मागून." माणूस लगेच केबिन झाडायला गेला. खिडक्या उघडल्या, पडदे झटकले, दारापाशी दोन खुर्च्या मांडल्या. त्या दोन खुर्च्या मला बघवेनात, म्हणून मी एकीवर जाऊन बसलो. आतल्या टेबलाखाली तू त्याला न सांगता मारलेली पाचर अजून तशीच आहे. टेबल जराही डगमगत नाही. मी बराच वेळ हलवून पाहिलं. दादा, मला वहिनीची फार आठवण येते, आणि तू जिवंत असून तुझीही येते, हे काही बरोबर नाही.

तर असो. अशा जागी पुन्हा जाण्यात काही अर्थ नाही. हिचा तुला नमस्कार. प्रकृतीला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. डॉक्टर काल हिला फोनवर म्हणाले की गाडी आवडली आहे. मी फोन घेऊन त्यांना खरं ते सांगितलं, की ही गाडी एकट्यादुकट्याची नव्हे, मागे उभं राहायला माणूस लागतो. ते म्हणाले, मागचं दिसायला कॅमेरा बसवू. मी सांगितलं, बसत नाही. (बसतो.)

ता. क. दुसरा. केबिन पुढच्या शनिवारपर्यंत तुझ्या नावावर आहे. शिट्टीमास्तर रोज झाडतो. मी त्या माणसाशी आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोललोय. ते खोटंच राहू द्यायचं की कसं, ते तू बघ.

ता. क. तिसरा. पाकिटावर तिकीट नाही हे एव्हाना तुझ्या लक्षात आलं असेल. हे पत्र हिने तुझ्या दाराखालून सरकवलंय. मी तुझ्या घरामागच्या गल्लीत, गाडीतच बसलोय. समोर भिंत आहे, वळायला जागा नाही आणि उलटी घेतल्याशिवाय गाडी निघायची नाही. पातेलं मी फडक्यात गुंडाळून ठेवलंय, आता मागून काहीच वाजत नाही. चपला घाल आणि खाली ये.