यांच्या माशा आणि माझी पायपीट

अशोकनगर, सातपूर
मंगळवार

ती. अक्कास,
धाकट्या आशाचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला उतरला का, आणि तू करून दिलेला काढा ते खरंच पितात की अजून तुळशीला घालतात? आम्ही इकडे बरे आहोत (म्हणजे मी उभी आहे आणि हे बसलेले आहेत). फोनच करणार होते, पण फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि मी दुप्पट बोलते, म्हणून कागद घेतला. पाय गरम पाण्याच्या टपात सोडून लिहिते आहे. पाय का दुखतात ते पुढे येईलच.

तुम्ही दोघं मार्चमध्ये यांना बघून गेलात तेव्हा यांचा उजवा हात नुसता मांडीवर ठेवलेला असायचा. अर्धांगाचा झटका हलका होता म्हणे. डॉक्टरांना हलका. एकतीस वर्षं कंपनीच्या टूलरूममध्ये काढलेला माणूस, केसाएवढा फरक बोट फिरवून सांगायचा, आणि आता शर्टाची बटणं मी लावायची. मी बटणं लावत असले की हे भिंतीकडे बघायचे. व्यायाम करून घ्यायला तेजस्विनी नावाची मुलगी येते. गुणी आहे, पण पहिल्याच दिवशी तिने ताटलीत राजमा ओतला आणि म्हणाली, "काका, एकेक दाणा उचलून वाटीत टाका." यांनी तीन दाणे टाकले, म्हणाले, "मी काय बालवाडीत आहे?" आणि पुढे चार दिवस कुणाशी बोलले नाहीत. (राजमा मी शिजवला. तोही खाल्ला नाही.)

मग एक दिवस यांनी मोबाइलवर कुठल्याशा थंड देशातला एक दाढीवाला पाहिला. तो एवढ्याशा गळावर धागा, पीस, लोकर गुंडाळून खोटी माशी बांधतो. ती पाण्यावर टाकायची, माशाला वाटतं खरीच आहे, तो तोंडात घेतो आणि फसतो. झालं, एवढंच. पण हे दोन तास बघत बसले आणि दुसऱ्या दिवशी तेजस्विनीला म्हणाले, "बोटांना हे चालेल का?" ती म्हणाली, चालेल, राजम्यापेक्षा अवघड आहे. आपलं घर सासऱ्यांपासून माळकरी, मासा उंबऱ्याच्या आत आलेला नाही, हे मी बोलून दाखवलं. "खायचा कुठे आहे, सोडून द्यायचा," हे म्हणाले. सोडायचाच तर धरायचा कशाला, हे मात्र माझ्या ओठांवर आलेलं मी गिळलं. किती महिन्यांनी त्यांनी काहीतरी मागितलं होतं.

त्या माशा बांधायचं सामान परदेशातून येतं आणि आपल्या आवाक्यातलं नाही. शिवाय टूलरूमचा माणूस तयार हत्यार विकत घेईल? यांनी डाव्या हाताने, मुंग्या चालल्यासारख्या अक्षरात यादी केली आणि प्रत्येक वस्तूपुढे ती नाशकात कुठे मिळेल ते लिहिलं. गळ तेवढे भद्रकालीतल्या जाळीवाल्याकडचे, बाकी मासेमारीशी संबंध असलेलं एकही दुकान त्यात नव्हतं. आणि जायचं मी, कारण यांना स्कूटर बंद आणि मला कधी येतच नव्हती.

गळ धरायला सोनाराची बारीक पकड लागते म्हणून सराफ बाजारात गेले. हत्यारंवाल्याने विचारलं, काकू, दागिने घडवता का? म्हटलं, माशा घडवतो. त्याने पकड कागदात गुंडाळली. शालिमारला सर्जिकलच्या दुकानात, ऑपरेशनला वापरतात तो कट्ट करून अडकणारा चिमटा मागितला, तर म्हणे कुठल्या हॉस्पिटलच्या तुम्ही? मी इतकी दमले होते की म्हटलं, घरचंच आहे. त्याने "मॅडम बसा ना" म्हणून स्टूल पुढे केलं आणि मी बसले. (खोटं बोलले नाही गं, पेशंट घरचाच आहे.) मेन रोडच्या मॅचिंग सेंटरमध्ये साडीच्या फॉलला लावतात तो सगळ्यात बारीक धागा हवा होता, आणि यादीत रंग लिहिलेला, "डासाच्या पोटाचा". काउंटरवरच्या पोरीने करड्या रंगाची सगळी रिळं काढली, मग म्हणाली, साडी आणलीय का मावशी? कॉस्मेटिकवाल्या बाईकडे बिनरंगी नेलपेंटच्या पाच बाटल्या घेतल्या, गाठीवर लावून गाठ पक्की करायला. ती म्हणाली, घरात लग्न दिसतंय. मी हो म्हटलं. गंगेवर जाऊन मोरपीस घेतलं. विकणारीने ते देवापुढे ठेवायला सांगितलं होतं, मी घरी आणल्याबरोबर यांनी त्याचे केस एकेक करून उपटायला घेतले. मी देव्हाऱ्याचा पडदा ओढला.

शेवटचं नाव चिकनच्या दुकानाचं. मी पदर नाकापर्यंत ओढून उभी राहिले. "किती किलो?" तो म्हणाला. म्हटलं, कोंबडी नको, नुसती पिसं द्या. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि दयेने ओली पिसं पिशवीभर दिली, वर म्हणाला, "मावशी, उशी करताय का?" घरी येऊन ती शाम्पूने धुतली, गच्चीवर वाळत घातली आणि वारा सुटला. अक्का, त्या दिवशी एकादशी होती. खालच्या मजल्यावरच्या पुतळाबाईंच्या भगरीच्या पातेल्यापर्यंत एक पीस पोचलं. त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत. एवढ्यावर थांबलं नाही. तरंगणारी माशी करायला फोम लागतो, म्हणून माझी बाथरूमची डावी चप्पल कापली. उजवीचं काय करू विचारलं तर म्हणाले, "राहू दे, लागेल."

पहिली माशी शुक्रवारी सुरू झाली ती सोमवारी संपली. धागा सुटायचा, पीस वाकडं व्हायचं, गळ बोटात जायचा. हे चिडायचे, सगळं ढकलून द्यायचे आणि पाच मिनिटांनी पुन्हा चिमटा शोधायचे. मी खाली वाकून लोकर गोळा करायचे.

मागच्या रविवारी यांच्या हाताखाली काम केलेला सावळीराम गाडी घेऊन आला. त्याची गिरणाऱ्याला द्राक्षबाग आहे, शेततळं आहे आणि तळ्यात मासे सोडलेत. लांब बांबूच्या टोकाला दोरा आणि दोऱ्याला माशी. यांनी पहिल्यांदा काठी फिरवली तेव्हा गळ माझ्या पदरात अडकला, दुसऱ्यांदा सावळीरामची टोपी तळ्यात गेली. तिसऱ्या, चौथ्या वेळी नुसतंच पाणी. यांचा हात थरथरायला लागला होता. मी म्हणणार होते, पुरे आता, घरी जाऊ. तेवढ्यात पाणी फुटलं आणि काठी वाकली. यांनी ती डाव्या हातात घ्यायला हवी होती, पण घेतली नाही. दात दाबून उजव्यानेच ओढली. तळहाताएवढी चिलापी होती, चप्पल तोंडात धरलेली. यांनी ती ओल्या हाताने सोडवली आणि पाण्यात परत घातली.

सावळीराम हळहळला. "सोमनाथभाऊ, येवढ्या कष्टाचा मासा अन् दिला सोडून? गांडूळ लावलं अस्तं तर घटकाभरात बादली भरली अस्ती!"  हे आपल्या उजव्या हाताकडे बघत उभे होते. डोळे पुसले की घाम, मी विचारलं नाही. परतताना गाडीत मात्र बोलत होते, सातपूर येईपर्यंत. "माझ्या माशीला लागला," हे वाक्य मी सात वेळा ऐकलं.

असो. टपातलं पाणी गार झालं. मुलांना आशीर्वाद, दाजींना नमस्कार, आणि गुडघ्याला तेल लावत जा.

तुझी,
आशा

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. तुझ्या परसातल्या तांबड्या कोंबड्याच्या मानेवरची लांब, चकचकीत पिसं हवी आहेत. दुकानातल्या कोंबड्यांना तसली नसतात. गळून पडलेलीच वेचून पाठव, यांच्यासाठी त्याला कापू नकोस.

ता. क. दुसरा. हे फक्त तुला. रविवारी मासा लागला ती माशी यांची नव्हती. यांनी बांधलेली मी आदल्या दुपारी, हे झोपले असताना बघितली तर धागा सैल होता, पाण्यात पडताच उलगडली असती. रोज बघून बघून मलाही येतं आता, मी ती सगळी उकलून पुन्हा बांधली. एवढं मनावर घेऊन बसलेला माणूस रिकाम्या हाताने परत आला असता तर पुन्हा भिंतीकडे बघत बसला असता. दाजींनाही सांगू नकोस.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवायला घेतलं तर हे मागे येऊन उभे. काय लिहितेस विचारलं, म्हटलं अक्काकडे पिसं मागवते. म्हणाले, "दोघांना पुरतील एवढी मागव. तू धागा आपल्या अंगाकडे गुंडाळतेस, मी पलीकडे गुंडाळतो. पण गाठ तुझी चांगली बसते." आणि जाऊन पेपर वाचायला लागले. तर अक्का, पिसं जरा जास्तच पाठव.