देवीच्या ताटातलं पाकीट

मस्कत
१२ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप रघुमामा यांस,

भाचा विनीत याचा साष्टांग नमस्कार. गावकीच्या खोलीत जमलेल्या सगळ्या वडीलधाऱ्यांनाही नमस्कार. मी इथे खुशाल आहे. तुम्हीही सगळे खुशाल असाल.

तुम्ही फोनवर म्हणालात, "रविवारी तुझ्या बहिणीला, अपेक्षाला मस्कतला जायच्या निरोपाचा नारळ द्यायचा आहे. तू चार चांगल्या ओळी लिहून पाठव. मोबाईलवर नको, कागदावर. पाकीट सगळ्यांदेखत फोडू, अपेक्षाच वाचेल. लोकांना जरा वजन वाटतं. आणि सभेत वाचायचं आहे, तर अहोजाहो करून लिही." म्हणून लिहायला बसलो. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच, पेन फक्त सहीपुरतं. चुका सांभाळून घ्या. माझ्या खोलीतल्या भिवाची दोन वर्षं भरली, तो सुट्टीवर येतोय, त्याच्या हातात पत्र देतोय. पाकीट नीट चिकटवलंय. वर तुमचं नाव घातलंय, ठळक, तुम्हाला आवडतं तसं.

तर चांगल्या ओळी.

मी आहे त्या लॉन्ड्रीत मोठमोठ्या हॉटेलांच्या चादरी येतात. गरम रोलर आहे, खोलीएवढा लांब. एका बाजूने ओली चादर घालायची, दुसऱ्या बाजूने ती कडक होऊन निघते. एसी आहे, ऑफिसात. एका खोलीत आम्ही आठ जण राहतो, आपल्या गावकीच्या खोलीसारखंच, फक्त भजन नाही. पगार वेळेवर होतो. डावा हात थोडा भाजला होता, आता बरा आहे. आई, बोटं सगळी हलतात, काळजी करू नकोस. बाबा गेले तेव्हा मला येता आलं नाही, त्याबद्दल सगळ्यांची माफी मागतो.

झाल्या चार ओळी.

अपेक्षा, थांबू नकोस. पान उलट. मामा म्हणेल, "बास झाला, आता नारळ घेवया." त्याला सांग, पत्र संपलं नाही.

मामा, आता घरात म्हणतो तसं तुला 'तू'च म्हणतो. अहोजाहो करून भांडता येत नाही.

पावणेदोन वर्षांपूर्वी ह्याच खोलीत मला नारळ दिला होतास. आठवतंय? गावच्या सातेरीदेवीच्या फोटोपुढे पितळेचं ताट, ताटात नारळ, पानसुपारी आणि पाकीट. पाकीट बाबांनी ठेवलं होतं. आईच्या पाटल्या मोडून आलेले आणि बाबांनी प्रेसमधून उचल घेतलेले, मिळून दीड लाख. तू तिकडून ओरडलास, "रे, माझ्या हातात नको, देवीच्या ताटात ठेव!" सगळ्यांना केवढं कौतुक. रघू पैशाला हात लावत नाही. मग तू देवीला गाऱ्हाणं घातलंस. "आई सातेरी, ह्या तुझा लेकरू परमुलखात चल्ला, तेचो जो खर्च झालो तो दामदुप्पट करून दी रे म्हाराजा!" आणि आम्ही सगळे, मी सगळ्यात मोठ्याने, "व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाणं झालं, नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं. पाकीट कधी उचललंस कोणी बघितलंच नाही. देवीच्या ताटातल्या पैशाची पावती कोण मागणार? बाबांनीही नाही मागितली. मी एकदा म्हणालो होतो, "मामा, खर्च कसला कसला ते सांगशील?" बाबांनीच मला गप्प केलं. म्हणाले, "मामा हा तो, दुकानदार नाय."

बाबा, तो दुकानदारच होता हो. आणि दुकानातला माल मी होतो.

आता मे महिन्यातलं सांगतो. आईलाही हे आजच कळतंय. आई, भिंतीला टेकून बस.

अपेक्षाचा फोन आला, बाबा गेले. मी रोलर बंद केला आणि तसाच ऑफिसात गेलो. मालक माणूस वाईट नाही, शिव्या देत नाही, हिंदी चांगलं बोलतो. म्हणाला, "अल्ला सब्र दे. जाओ. पर पहले मेरा खर्चा रखो."

मी म्हटलं, कसला खर्च?

म्हणे व्हिसा मी भरला. मेडिकल मी भरलं. तिकीट मी काढलं. वर तुझ्या मुंबईच्या आदमीला डोक्यामागे कमिशन दिलं. दोन वर्षांच्या आत गेलास तर एवढं सगळं टेबलावर ठेवून जा. पासपोर्ट माझ्या कपाटात आहे.

मला वाटलं माणसाचा काहीतरी घोळ होतोय. मी म्हणालो, "शेठ, वो तो मेरे बाप ने भरा है."

तो सुपरवायझरकडे बघून हसला. म्हणाला, "तो बाप को बोल, जिसको दिया उससे वापस ले."

मामा, तेव्हा माझा बाप घोडपदेवच्या आपल्या भाड्याच्या खोलीत बर्फावर होता.

मी बाहेर आलो, तुला फोन लावला. तूच उचललास. मी विचारलं, मामा, मालक म्हणतो खर्च त्याने भरलाय, मग बाबांचे पैसे कुठे गेले? तू काय म्हणालास? "मयत घरात हा, ही वेळ हा काय ह्या विचारूची?" मला लाजच वाटली. बापाचं मयत आणि मी पैशाचं बोलतोय. तुझा आवाज एवढा दुखावलेला होता की मीच तुझी माफी मागितली! तोंड धुऊन परत रोलरवर उभा राहिलो. त्याच दिवशी हात भाजला. कसा भाजला ते तू समजून घे.

मग दहावं झालं, बारावं झालं, महिनाही झाला. तुझी ती वेळ काही आली नाही.

पण भोईवाड्याच्या स्मशानात लोकांनी विचारलं, मुलगा कुठेय? तेव्हा तुझ्याकडे वेळ होती. "पोराचो ओव्हरटाइम बुडता. रुपयो मोठो झालो, बापूस ल्हान." भिवाच्या आईच्या कानावर गेलं, तिने भिवाला सांगितलं. आठवडाभर भिवा माझ्याशी बोलत नव्हता. मग एका रात्री त्याने विचारलं, "खरंच ओव्हरटाइमसाठी थांबलास काय रे?" हे तू बोललास आणि पुढे होऊन अग्नी दिलास. पाकीट उचलणारा हातही तुझाच आणि अग्नी देणाराही तुझाच.

खरं काय ते मी सहा महिने आईला सांगितलं नाही. का नाही सांगितलं, तेही ऐक. तिचा नवरा गेला होता, मुलगा इथे, आणि भाऊ एकटा दारात उभा होता. म्हटलं, तोही घालवू? राहू दे तिला एक भाऊ. माझं काय, मी गिळतो. ह्या रोलरच्या वाफेत कोण रडतो आणि कोण घामेजतो, काही कळत नाही.

म्हणजे मी गिळलंच होतं मामा. तुझं नशीब चांगलं होतं. तू अपेक्षाला ह्यात ओढायला नको होतास.

फोनवर म्हणालास, "तिका मस्कतात एका घरात आजीबाईंची सेवा करूची हा, पुण्याचा काम. पण बायकांचो खर्च थयलो मालक, स्पॉन्सर, भरत नाय, आपल्यालाच घालूचो लागता." आणि खर्च कुठून घालायचा तेही तूच शोधून ठेवलंस. करी रोडच्या आपल्या चाळीचा टॉवर होतोय, बिल्डरने पुढच्या अकरा महिन्यांच्या भाड्याचे पैसे एकदम दिलेत. त्याच पैशावर आई घोडपदेवला भाड्याने राहते. ते पैसे आज ताटात आहेत. बघा, सगळ्यांनी माना वळवून बघा. नारळाच्या बाजूला पाकीट आहे ना? ते माझ्या आईच्या डोक्यावरचं छप्पर आहे. डिसेंबरचं भाडं कोण देणार? सातेरी?

आणि मला पत्ता दिलास त्या घराचा. "जाऊन बघ, किती मोठा घर हा, फोटो काढ, सभेत दाखवूया." मी शुक्रवारी गेलो. फोटो नाही काढला. दार म्हाताऱ्या बाईच्या सुनेने उघडलं. भली बाई आहे, मला बसवलं, खजूर आणि पाणी दिलं. तिला वाटलं मी तुझाच माणूस. पहिलं काय विचारलं माहीत आहे? "हमने तो सब दे दिया, व्हिसा, टिकट, एजंट का भी. अब लडकी कब आएगी?" आणि लगेच दुसरं, "दो साल से पहले भागेगी नहीं ना? हमारा बहुत खर्चा हुआ है."

बहीण अजून परळच्या हॉस्पिटलात वॉर्डात फरशी पुसतेय, आणि इथे आधीच तिच्याबद्दल विचारतायत की भागणार नाही ना.

त्या बाईचाही मला राग आला नाही असं नाही. पण तिने पैसे खरोखर मोजलेत. आपल्याला आणायला पैसे भरतात आणि मग भरलेल्या पैशाची दोरी करून आपल्याच पायात बांधतात. हे इकडच्यांचं झालं. त्यांच्याशी मी इकडे भांडेन. पण मामा, ते परके आहेत. तू तिकडचे पैसे घेतलेस आणि आमचेही घेतलेस. एकच बकरा दोन दाव्यांना बांधलास. मालक म्हणतो मी तुला आणला, तू म्हणतोस मी तुला पाठवला. मी माझ्या पायांनी आलो असं कोणी म्हणतच नाही.

आता तू उठला असशील. "पोरग्याक ऊन लागला" असं काहीतरी म्हणत असशील. हसवशील लोकांना, तुला येतं ते. दोन मिनिटं बस. बकुळाकाकी, तू चहा टाकायला उठू नकोस. तुझ्या शिवाचा पासपोर्ट मामाकडे आहे ना? आजच मागून घे. द्यायला वेळ लावला तर समज की तुझ्या शिवाचं गिऱ्हाईक इकडे ठरलंय. भिवा तिथे दाराशी उभा आहे. त्याला विचारा, त्याचा खर्च कोणी भरला ते. तो लाजतो, कारण त्याच्या आईने गाय विकली होती. पण आज बोलेल. बोल रे भिवा, गप्प राहिलास तर इकडे परत आल्यावर तुझं काही खरं नाही.

मामा, मी पैसे परत मागत नाही. मागितले तर तू हिशेब घालत बसशील, तुझ्या येण्याजाण्याची रिक्षासुद्धा त्यात येईल. बाबांच्या बाराव्याचा खर्च मी केला म्हणशील. केलास. बाबांच्याच पैशातून.

मला एकच पाहिजे. तू आत्ता गाऱ्हाणं घालणार आहेस. नारळ हातात घेऊन देवीसमोर खोटं बोलायचं नाही, हे मला कोणी शिकवलं? तूच, मांडीवर बसवून. बाबा ताटात पाकीट ठेवत होते तेव्हा तू खोटं बोलला नाहीस, फक्त खर्च म्हणालास, कोणाचा ते नाही म्हणालास. हुशार आहेस. म्हणून आज शब्द मी देतो. नारळ घे आणि हे म्हण:

"आई सातेरी, ह्या पोरांचो खर्च थयसून मिळता. माका मिळालो. तरी मी हयसूनय घेतलंय. आणि विनीत बापाशीच्या मयताक येवक शकलो नाय, तो ओव्हरटाइमासाठी नाय, माझ्यासाठी."

एवढं म्हण. मग सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतील, आणि मी तुला मामा म्हणेन.

नाही म्हणता आलं तर नारळ खाली ठेव. दुसरं काही म्हणू नकोस. ह्या खोलीत तुझ्या तोंडचं दुसरं गाऱ्हाणं आता चालणार नाही.

अपेक्षा, तू मोठ्याने वाचतेयस म्हणजे हे तुलाही कळलंच असेल. तू परदेशी जाऊ नको असं मी म्हणत नाही. मी कोण सांगणारा, मीच गल्लीत पाय न ठरणारा. हात-पाय आहेत तोवर जग बघ. पण ज्या दिवशी जाशील त्या दिवशी कोणाची विकत घेतलेली होऊन जाऊ नकोस. वाचून झालं की पत्र मामाच्या हातात दे, त्याचंच नाव आहे वर. मग सरळ पुढे जा, ताटातलं पाकीट उचल आणि आईच्या ओटीत टाक. देवीचं पाप लागेल असं कोणी म्हणालं तर सांग, दादाने आपल्या माथी घेतलंय.

आई, तू भावाकडे बघू नकोस. पदर पसर.

माझी दोन वर्षं मार्चमध्ये भरतात. मालकाचा माझ्यावरचा हक्क त्या दिवशी संपतो, पासपोर्ट हातात येतो. मग मी आधी भोईवाड्याला जाईन. तिथून ह्या खोलीत येईन, माझा नारळ मी आणेन आणि माझं गाऱ्हाणं मी घालीन. मामा, तू आज काय म्हणालास त्यावर आहे, तेव्हा तू माझ्या बाजूला उभा असशील की समोर.

वाट बघत नाही. येतोच.

बापाला खांदा देऊ न शकलेला,
आणि ते कोणामुळे हे आता सगळ्यांना सांगून मोकळा झालेला,

सुभद्रेचा मुलगा,
विनीत