मार्गळीत कुणी घर बदलत नाही

तंजावूर,
मंगळवार, ९ जानेवारी १९९६

तीर्थस्वरूप सौ. रंजनाअक्कास,

चिदंबरचा साष्टांग नमस्कार. भाऊजींनाही सांग. इकडे सगळं ठीक आहे. तुमच्याकडे थंडी कडक आहे असं टीव्हीवर दाखवतात, तरी भाऊजींनी पहाटेचं फिरणं थोडे दिवस बंद ठेवावं. माझं ते ऐकणार नाहीत, तुझं ऐकतील.

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला तो कामामुळे नव्हे. मार्गळी महिना चालू आहे आणि मार्गळीत या गावात कुणी घर बदलत नाही, कुणी विसार देत नाही. पोंगल होऊन तै महिना लागला की सगळे एकदम जागे होतात. तोवर माझ्यासारख्या घरदलालाने कॉफी क्लबात बसून दुसऱ्याचा पेपर वाचायचा, एवढंच. तरी उशीर झाला. तीनदा लिहायला बसलो, तीनदा कागद फाडला. तू पुण्याहून पाठवलेल्या अंकलिपीवरून मी देवनागरी शिकलो, त्यामुळे अक्षर अजून पहिलीतल्या मुलासारखं येतं. ते एक कारण समज.

गावाचं म्हणशील तर गाव तुला ओळखू येणार नाही. मेडिकल कॉलेजच्या रस्त्याला जिथे भात डोलायचा तिथे आता पांढरे दगड रोवलेत आणि कुठल्या ना कुठल्या नगराची पाटी लावली आहे. नगरात एक माणूस राहत नाही, दोन बकऱ्या असतात. दुबईहून आलेली माणसं संगमरवर आहे का विचारतात. बँकेतली माणसं केबल येते का विचारतात. आणि आता सगळ्यांना वास्तुशास्त्राचं वेड लागलंय. जन्मभर दक्षिणेच्या दारातून ये-जा करून म्हातारे झालेले लोक दार दक्षिणेला आहे म्हणताच चपला घालायला लागतात. मद्रासहून फ्लॅट बांधणारे दोघे आले होते. एकावर एक घरं, खाली ओटा नाही, दारापुढे अंगण नाही. मी विचारलं, बायका रांगोळी कुठे काढतील? ते म्हणाले, स्टिकर मिळतात. मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

आता तुझे दोन प्रश्न. एक, राजवाड्यामागच्या गल्लीतलं तुझं घर अजून का विकलं जात नाही. दुसरा, तुमच्याकडची कनकलता इथे लग्नाला आली तेव्हा तिने बंद घरापुढे भली मोठी रांगोळी पाहिली, मधोमध शेणाच्या गोळ्यावर भोपळ्याचं फूल खोचलेलं, ती कोण काढतं.

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. हा आमच्या धंद्यातला रिवाज आहे. घर रिकामं दिसलं की गिऱ्हाइकाच्या मनात शंका येते, इथे काय झालं असेल, कोण गेलं असेल. दारात सडा-रांगोळी असली की वाटतं, इथे माणसं बरी राहतात. म्हणून विकायच्या घरापुढे मी रोज रांगोळी काढून घेतो. सव्वीस वर्षं हेच करत आलोय.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे बाजार मंद आहे.

बुधवार

अक्का, काल इथवर लिहून पत्र बंद करून गोंदही लावला होता. सकाळी पोस्टापर्यंत गेलो आणि परत आलो. पाकीट फाडून हे लिहितोय. कालचं खोटं नाही, पण अर्धं आहे, आणि तुझ्याशी अर्धं बोलायची माझी हिंमत नाही. लहानपणी मी अर्धं बोललो की तू कान धरायचीस.

तुझं घर बंद नाही. तुझी भावजय विशालाक्षी तिथे राहते. चार ऑक्टोबरपासून. एकटी.

भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर मला काहीतरी कळलं असतं. आमच्या अखिलेला मद्रासला सगळं ठाऊक आहे, ती आईशी बोलते, माझ्याशीही बोलते, आणि आमच्याबद्दल विचारलं की एसटीडीचं मीटर पळतंय म्हणून फोन ठेवते.

तुला माहीत आहे आम्ही कसे राहिलो. जे घर विकायचं त्यात आम्ही बिऱ्हाड करायचं, भाडं नाममात्र, गिऱ्हाईक मिळालं की पुढचं घर. मला यात माझी हुशारी वाटायची. विशालाक्षी दारात रांगोळी काढायची, देवापुढे दिवा लावायची, आलेल्याला कॉफी द्यायची, आणि दुसऱ्यांकडे वर्षानुवर्षं पडून राहिलेलं घर दीड-दोन वर्षांत जायचं. लोक म्हणायचे चिदंबररावाचा हात चांगला. हात कुणाचा होता, हे मी आता विचारतोय. चौदा घरं झाली. आकडा माझा नाही, तिचा. मी नऊपर्यंत मोजलं होतं.

शेवटचं घर पश्चिम वीथीतलं. ते तिला आवडलं होतं. मागे विहीर, विहिरीजवळ पारिजातक. नवरात्रात तिने नऊ पायऱ्यांचा कोलू मांडला, आपल्या आईच्या बाहुल्यांसकट. सगळ्या गल्लीतल्या बायका येत होत्या. मी विचार केला, घर एवढं भरलेलं पुन्हा दिसायचं नाही. आठव्या दिवशी मी त्रिचीहून बदली होऊन आलेल्या एका बँक मॅनेजरला बायकोसकट घेऊन गेलो. कोलू पाहायला आलोत असंच सांगितलं. विशालाक्षीने त्या बाईंना पाटावर बसवलं, हळदकुंकू लावलं, चण्याची सुंडल दिली आणि पान-सुपारी-नारळ हातात ठेवला. कोलू पाहायला आलेल्या बाईला देतातच. आमच्या धंद्यातही घर ठरलं की मालकाकडून तांबूल देतात आणि मग शब्द फिरत नाही. मी पटकन म्हणालो, "बघा, आमच्या घरातल्या लक्ष्मीनेच तांबूल दिलं. आता बोलायचं काय राहिलं?" सगळे हसले. त्या बाई तर खूष झाल्या. मॅनेजरने तिथेच हो म्हटलं. विशालाक्षीही हसली असं मला वाटलं. आता आठवू पाहतो, तर तिचा चेहराच आठवत नाही, फक्त हातातलं रिकामं ताट आठवतं.

विजयादशमीला, कोलू संपला म्हणून, तिने रीतीप्रमाणे एक बाहुली निजवली. दुसऱ्या दिवशी बाहुल्या जुन्या धोतरात गुंडाळून पेटी भरली, खिळ्यावरची तुझ्या घराची किल्ली घेतली आणि सायकलरिक्षा बोलावली. मला वाटलं, बिऱ्हाड हलेपर्यंत पेटी तुझ्या घरी ठेवतेय. मीच रिक्षावाल्याला पत्ता समजावून सांगितला, राजवाड्याला वळसा घालून जा, अलीकडच्या गल्लीत दगड फार आहेत, बाहुल्या फुटतील. संध्याकाळी गेलो तर ती तुझ्या देवघरात दिवा लावत होती. मी विचारलं, "चलतेस न?" ती म्हणाली, "तिकडे जेवण झाकून ठेवलंय. ऊन करून घ्या." मी परत जाऊन जेवलो. मूर्खासारखा जेवलो, अक्का. तेव्हापासून मी तांदळाच्या दुकानावरच्या खोलीत राहतो आणि कोणी विचारलं तर ती अखिलेकडे गेली आहे असं सांगतो. गल्लीतले लोक मान हलवतात. त्यांच्याच दारापुढून ती रोज भाजी आणायला जाते.

आता पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर. बाजार मंद नाही. बाजार इतका तेजीत आहे की ओरत्तनाडूपर्यंतचे लोक माझ्या नावाने विचारत येतात. तुझं घर मी विकलं नाही.

मला तिथे जायला निमित्त लागतं. नवरा म्हणून गेलो तर ती दारातच विचारते, काय पाहिजे. गिऱ्हाईक घेऊन गेलो तर दार पूर्ण उघडते, "या, बसा" म्हणते, सगळ्यांना कॉफी देते आणि मलाही देते. म्हणून मी गिऱ्हाइकं न्यायला लागलो. विकत घेणार नाहीत अशी, नीट पारखून. तुझ्या गल्लीत दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं, तिथे मी मोटारीची शेड हवी असलेला माणूस नेला. वर मजला चढवायचाच असलेला नेला. मांसमच्छी शिजवणारा नेला, त्याला बिचाऱ्याला शेजाऱ्यांचे चेहरे पाहूनच कळलं. अकरा जण झाले. तुझ्या हरिप्रसादच्या फ्लॅटचे पैसे भरायची मुदत जवळ येतेय हे तू प्रत्येक पत्रात लिहितेस, ते वाचायचो, आणि दुसऱ्या दिवशी नवा निरुपयोगी माणूस शोधायचो. तुला फसवलं, अक्का. मला लाज वाटते. पण त्या वीस मिनिटांसाठी मी आठवडाभर थांबायचो, हेही खरं आहे.

ती त्यांना काही लपवून सांगत नाही. चैत्रात विहिरीचं पाणी खाली जातं म्हणते. न्हाणीघराचा कोपरा गळतो म्हणते. मी आयुष्यभर जे झाकून घरं विकली, ते ती उघडं करून दाखवते आणि लोक आणखी अर्धा तास बसतात. मला हे समजत नाही. मला हल्ली काहीच समजत नाही.

परवा घोटाळा झाला. पापनाशमचे एक निवृत्त हेडमास्तर आहेत, सूर्यनारायण म्हणून. त्यांना वास्तूचं भारी वेड, खिशात होकायंत्र. तुझं दार दक्षिणेला, म्हणून मी निर्धास्तपणे त्यांना आणि त्यांच्या बायकोला नेलं. ते ओट्यावर होकायंत्र काढून उभे राहिले. बायको, सुप्रभाबाई त्यांचं नाव, आत गेल्या त्या बाहेर येईनात. मग बाहेर आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "ते यंत्र ठेवा खिशात. ह्या अम्मा इथे एकट्या राहून इतक्या निवांत आहेत. मला हेच घर पाहिजे." मास्तरांनी यंत्र ठेवलं. तै महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, म्हणजे एकोणिसाला, विसार घेऊन येतो म्हणाले. माणसं सोन्यासारखी आहेत, घासाघीस करणारी नाहीत. दलाल म्हणून सांगतो, यांना सोडू नये. यापेक्षा चांगलं गिऱ्हाईक तुला मिळणार नाही.

ते गेल्यावर मी ओट्यावर राहिलो. गिऱ्हाईक गेल्यावर थांबण्याची ही पहिली वेळ. विशालाक्षी पेले उचलायला आली. तिला वाटलं मला विचारायचंय, आता तू काय करशील. मला तेच विचारायचं होतं. तिने आधीच सांगितलं.

"मला एक घर पाहून द्या. तै लागल्यावर. लहान असलं तर बेस. एकटीला पुरे."

मी म्हणालो, "एकटीला?"

"तुमच्याकडे घरं खूप आहेत न? अस्कं गाव तुमच्या हातात." आवाज चढला नव्हता. "विकायचं नको. भाड्याचंच द्या. पण दाखवायला कुणाला आणू नका तिथे."

मग म्हणाली, "दलाली देईन मी. फुकट नको."

अक्का, मी खरंच शोधलं. कालपासून सायकलवर फिरतोय. या गावातलं प्रत्येक रिकामं घर मला ठाऊक आहे आणि एकही तिच्यासाठी मनाला येत नाही. इथे ओल आहे, तिथे मालक खवट आहे, तिसरीकडे दारापुढे गटार, रांगोळी काढणार कुठे. लोकांना मी यापेक्षा वाईट घरं हसत हसत दिली आहेत. मग लक्षात आलं, मी प्रत्येक घरात दोन माणसांची जागा मोजतोय.

आता मी काय करावं ते मला कळत नाही. घर तुझं आहे. हरिप्रसादला पैसे लागणार, त्यात काही चूक नाही. शुक्रवारी मास्तर येतील. तू हो म्हटलंस तर मी त्यांना तांबूल देईन आणि विशालाक्षीला पंधरावं घर पाहून देईन. तू नाही म्हटलंस तर ते भाड्याने तिला दे, माझ्या नावावर नको, तिच्या नावावर. मी मध्ये नाही. दोन्हींपैकी एक सांग म्हणून आग्रहही करत नाही, कारण माझा आग्रह कशापायी आहे हे आता तुला माहीत आहे.

फक्त एक कर. उत्तर मला पाठवू नकोस. तांदळाच्या दुकानावरच्या खोलीला पत्ता असा नाहीच, तुझी पत्रं अजून पश्चिम वीथीवरून फिरून येतात, आणि पत्र मला आलं तर मी त्यातलं थोडं सांगेन, थोडं गाळेन, माझी सवय तशी आहे. पाकिटावर सौ. विशालाक्षी असं इंग्रजीत लिही, खाली तुझ्याच घराचा पत्ता. पोस्टमन तिच्या हातात देईल.

आत मात्र नेहमीसारखं देवनागरीत लिही. तिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. गल्लीत दुसऱ्या कुणालाही येत नाही. वाचून दाखवायला तिला मला बोलवावं लागेल. मी एकटा येईन, गिऱ्हाईक न घेता, आणि तू जे लिहिलं असशील ते एकही शब्द न गाळता वाचेन.

भाऊजींना नमस्कार. हरिप्रसादला आशीर्वाद.

तुझ्या उत्तराची त्या दारापाशी वाट पाहणारा,
तुझा भाऊ
चिदंबर