दुपारनंतर न वाजलेली घंटा

प्रिय ताई,

माझा फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी मी भलतंच काहीतरी बोलत बसेन, म्हणून हे पत्र. आई बरी आहे. ताईचा फोन का येत नाही, असं रोज विचारते. मी रोज नवी थाप मारतो आणि तिला एकही पटत नाही.

गेला आठवडा मी तुझ्या दवाखान्यात होतो. तू रजेवर, म्हणून तुझ्याच खुर्चीत बसलो. कमरेची पार वाट लागली गं, वर्षानुवर्षं बसतेस कशी त्यात? तपासणीचा अहवाल मेलने आला की घंटा वाजवणारा तो छोटा प्रोग्राम मी नुकताच लिहिलेला. त्या दिवशी एका आजोबांचा अहवाल तुझ्याकडे संध्याकाळपर्यंत पडून राहिला. घंटा वाजलीच नाही, असं तू परोपरीने सांगत होतीस. पण बाकी तिन्ही टेबलांवर ती नीट वाजत होती, त्यामुळे ठपका तुझ्यावर आला आणि हातात ताकीदपत्र पडलं.

दोन दिवस काही सापडेना. तिसऱ्या दिवशी ठरवलं, ताई वागते तसंच वागायचं. बाकीच्या टेबलांवरच्या तिघी जेवायला उठताना मेल बंद करून जातात, परत आल्या की उघडतात. तू मात्र जागेवरच डबा खातेस, पेशंट ताटकळू नयेत म्हणून. मीही तसाच खाल्ला. सकाळी घंटा अकरा वेळा वाजली. दोननंतर अहवाल येतच होते, पण घंटा गप्प! मेल आल्याची वर्दी घ्यायला प्रोग्राममध्ये मी एक पहारेकरी नेमला होता, पण तो कामावर आहे अशी नोंद कुठेच ठेवली नव्हती. कंप्युटरने मेमरी साफ करताना त्याला बिनकामाचा समजून काढून टाकलं. मेल बंद करून उघडलं की नवा पहारेकरी यायचा, म्हणून तिघींना कधी पत्ताच लागला नाही. जी जागची हलत नाही, तिचीच घंटा बंद पडत होती. ती नोंद ठेवणारी एक ओळ राहिली होती, माझ्याकडून. ती आता घातली आहे. शिवाय दर दहा मिनिटांनी आलेले मेल पुन्हा तपासले जातात, म्हणजे एखादी वर्दी हुकली तरी अहवाल हुकणार नाही.

मोठ्या डॉक्टरीणबाईंना मी हे सगळं लिहून दिलं आणि त्या तिघींसमोर वाचूनही दाखवलं. ताकीदपत्र त्यांनी मागे घेतलं. पण हे तुला तिकडूनही कळलंच असतं, त्यासाठी मी लिहायला बसलो नाही. त्या दिवशी बाईंनी मला विचारलं होतं, प्रोग्राम चुकू शकतो का. तू माझ्याकडे पाहत होतीस. आणि मी काही न तपासता म्हणालो, प्रोग्राम ठीक आहे, ताईचंच लक्ष नसेल. मी चौथीत असताना शाळेची काच फुटली, तेव्हा मी फोडली नाही एवढं म्हटल्यावर तू मला एकही प्रश्न न विचारता थेट हेडमास्तरांशी भांडायला गेली होतीस. ताई, ती काच मीच फोडली होती. मला माफ कर.

तुझाच,
धाकटा