दोन ते पाचचा वर्ग

सोमवार, ४

झोपले! भर वर्गात, दुसऱ्या बाकावर, तोंड उघडं टाकून. शेजारी बसलेल्या जाड्यानं कोपर मारलं तेव्हा जाग आली. सर वाचतच होते. त्यांचं लक्षही नव्हतं, किंवा असेल आणि सवय झाली असेल.

सकाळी सहाची ड्यूटी, तीन इमारतींच्या लिफ्ट तपासायच्या, वंगणानं काळे झालेले हात घासायचे आणि दोन वाजता या खोलीत. पाचपर्यंत लिफ्ट-सुरक्षेची नियमावली. सर कलम वाचतात, फळ्यावर लिहितात, पुढचं कलम वाचतात. आवाज वर नाही, खाली नाही – पंखा बरा, तो निदान मधूनच करकरतो.

पण हा कोर्स मला हवाय. बारा वर्षं लिफ्ट दुरुस्त करतेय आणि तपासणीच्या कागदावर सही दुसऱ्याची. सर्टिफिकेट मिळालं की सही माझी. आणि मी घोरतेय!

मंगळवार, ५

उपाय करून पाहिले. लवंग चघळली. बाकाखाली पायाच्या अंगठ्यावर अंगठा दाबून धरला. मध्ये उठून तोंड धुऊन आले. अडीचपर्यंत टिकले.

जाड्या म्हणतो, "ताई, उगाच जिवाला त्रास करून घेऊ नका. हजेरी लागली की झालं." तो आणि मी एकाच गाडीतून कामावर फिरतो, सहा वर्षं झाली. उघड्या डोळ्यांनी झोपायची विद्या त्याला येते. मला नाही.

बुधवार, ६

पोरीला सांगितलं. नववीत आहे, झोप आवरण्यात माझ्यापेक्षा अनुभवी. म्हणाली, "आई, नुसतं ऐकायचं नाही गं. शिक्षक कुठे चुकतात ते पकडायचं. एक चूक, एक रेघ. झोप येतच नाही, बघ तू."

ही शाळेत हेच करते म्हणजे! रागवायला हवं होतं. हसले.

गुरुवार, ७

जमलं! पूर्ण तीन तास जागी. वहीच्या समासात चार रेघा. 'दार'च्या जागी 'दोर' म्हणाले दोनदा, एक कलम दोन वेळा वाचलं, तारीख चुकली. चूक पकडायची तर बरोबर काय ते माहीत हवं, म्हणून जुन्या पुस्तकात पाहून शेजारी बरोबर लिहून ठेवलं. पहिल्यांदाच वाटलं की मी काही शिकतेय.

शुक्रवार, ८

नऊ रेघा. जाड्यालाही सांगितलं, आता तोही खेळतो. सरांनी 'वजन' म्हणायचं तिथे 'वारा' म्हटलं तेव्हा आम्ही दोघं रुमालात तोंड घालून हसलो. मागच्या बाकावरचे काका "शू!" म्हणाले. त्यांचं सगळं आयुष्य स्टोअरमध्ये गेलं, आता दुरुस्तीकडे बदली झालीय. लिफ्टखालचा खड्डा कधी पाहिला नाही बिचाऱ्यांनी. सर बोलतील ते अक्षर न् अक्षर उतरवून घेतात.

सोमवार, ११

सतरा! फळ्यावरच्या ओळी खाली घसरत जातात, डोंगरावरून पाणी उतरावं तशा. खडू हातातून पडला. उचलला, परत पडला. वर्ग हसला. सरही हसले – अर्ध्या तोंडानं.

मंगळवार, १२

एकतीस. आज हसू आलं नाही.

उजवा पाय ओढत चालत होते. एक वाक्य सुरू करून खिडकीकडे बघत राहिले. वर्ग झोपलेला. काका वहीत डोकं घालून. वर बघणारे मी आणि सर, दोघंच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू हरवलेला शब्द मी देईन.

मी मान खाली घातली आणि रेघ मारली.

वाटलं होतं उठावं, विचारावं – "सर, बरं नाही का?" पण बावीस जणांच्या वर्गात, मी कोण विचारणारी? वय झालंय, दमले असतील. उद्या विचारीन.

बुधवार, १३

सर पडले.

तीन वाजून दहा मिनिटांनी. 'सुरक्षा' शब्द तीनदा म्हणायला गेले, तिन्ही वेळा वेगळाच निघाला. मग टेबलाचा कोपरा धरला, टेबलासकट कलंडले. मी धावले. जाड्यानं आणि मी त्यांना कुशीवर केलं. उजवा हात मेल्यासारखा. डोळे उघडे होते. काका अँब्युलन्सला फोन करत होते, त्यांना पत्ताच आठवेना. मी फोन हिसकावला.

अँब्युलन्समध्ये मी बसले. त्यांचा डावा हात माझ्या मनगटावर घट्ट.

डॉक्टर म्हणाले, डोक्यात रक्त साकळलंय. मेंदूवर दाब आलाय. लगेच ऑपरेशन.

गुरुवार, १४

ऑपरेशन झालं. जीव वाचला म्हणतात. ऑफिसात साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं – "बाई जाग्या होत्या म्हणून बरं झालं!" टाळ्या. जाड्या जोरात वाजवत होता.

त्यालाही माहीत आहे. मलाही माहीत आहे. चार, नऊ, सतरा, एकतीस.



शनिवार, १६

हॉस्पिटलात गेले. वही घेऊन. का घेऊन गेले? माहीत नाही. घरी ठेवून जाववेना.

सरांच्या मिसेस बाहेर बाकावर बसल्या होत्या. लहानशी बाई, मांडीवर सरांचा चष्मा. म्हणाल्या, महिन्यापूर्वी बाथरूममध्ये पाय घसरला होता, टेंगूळ आलं, दोघंही विसरून गेलो. रक्त आत हळूहळू साठत होतं म्हणे. "घरी बोलतात कुठे जास्त! जे काय बोलायचं ते वर्गात. मला कळणार कसं?"

मी वही पुढे केली. त्यांनी पानं उलटली.

"या रेघा कसल्या?"

"सरांच्या चुका. झोप येऊ नये म्हणून मोजत होते."

तारखा वाचल्या, एकेक. मग वही मिटून माझ्या हातात दिली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"इतकं लक्ष देऊन ऐकत होतात," त्या म्हणाल्या, "आणि एकदा उठून विचारलं नाहीत?"

वही पिशवीत घातली. बसून राहिले. थोड्या वेळानं त्यांनी चष्मा पदरानं पुसायला घेतला. मी जाते म्हटलं. त्यांनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

रविवार, १७

पोर विचारते, "आई, माझ्यामुळे का?" म्हटलं, नाही गं. तू मला बघायला शिकवलंस. बोलायचं मी टाळलं.

हे तिला म्हटलं. आता इथे लिहून ठेवते, म्हणजे मलाही ऐकू येईल.

मंगळवार, १९

ऑफिसातून कागद आला. वर्ग पूर्ण होऊ शकत नाही, सबब हजेरी धरून सगळ्यांना सर्टिफिकेट. परीक्षा नाही! सोमवारी वाटप.

जाड्यानं गाडीत गाणं म्हटलं. "ताई, सही करा सही! बारा वर्षं!" हसले. खरंच आनंद झाला. का होऊ नये?

गुरुवार, २१

काकांची वही पाहिली. सहज. चहाच्या टेबलावर उघडी पडली होती, अक्षर मोत्यासारखं. मंगळवार, बारा तारीख: 'खड्ड्यात उतरण्यापूर्वी मेन स्विच चालू करावा.'

चालू!

माझ्या वहीत तिथे रेघ आहे आणि शेजारी लिहिलंय – बंद.

म्हटलं, "काका, हे चुकलंय. बंद करायचा असतो. वरून लिफ्ट आली तर चिरडून जाल." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "सर जे म्हणाले तेच लिहिलंय मी. शब्दाला शब्द."

खोडून दिलं त्यांच्या देखत. पण मी एकच वही पाहिली. बाकीच्या वीस? आणि सोमवारी या सगळ्यांच्या हातात सही येणार.

जाड्याला सांगितलं. तो म्हणाला, "सगळ्यांना काम येतंय हो. सोडा ना." मग – "ताई, माझी बढती अडलीय याच्यावर. तुम्हाला ठाऊक आहे."

ठाऊक आहे.

शुक्रवार, २२

सर बोलू लागलेत. हळू, शब्द तोलून, पण बरोबर. डोक्याला पट्टी. मिसेस कोपऱ्यात उभ्या. मला बघून बाहेर गेल्या नाहीत, एवढंच.

सर म्हणाले, "बाई, शेवटचे चार-पाच दिवस मला आठवत नाहीत. मी काय शिकवलं?"

सांगता आलं असतं – ठीक शिकवलंत, सर. म्हातारा माणूस, आजारी. सोमवारी सर्टिफिकेट. जाड्या खूश, मी खूश. कुणाला कळणार होतं?

वही त्यांच्या चादरीवर ठेवली. "समासातल्या रेघा तुमच्या चुकांच्या, सर. पहिल्या दिवशी चार होत्या. मला दिसत होतं तुम्हाला बरं नाही ते. मी बोलले नाही."

त्यांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. चष्मा मागितला. वाचत गेले, बोट ओळीवर ठेवून, तोच तो सपाट आवाज. एकेक कलम. मेन स्विचपाशी बोट थांबलं.

"हे मी म्हणालो?"

"हो."

"किती जणांनी लिहून घेतलं?"

"जे जागे होते त्यांनी."

डोळे मिटले त्यांनी. वाटलं थकले. मग मिसेसना म्हणाले, "ऑफिसला फोन लाव."

त्यांनी लावला. मी तिथेच उभी राहिले.

सोमवार, २५

सर्टिफिकेट रद्द. बावीसच्या बावीस. पुढच्या महिन्यात पहिल्या कलमापासून पुन्हा वर्ग, सर खुर्चीत बसून घेणार, परीक्षाही होणार. सगळ्यांना कळलंय कुणामुळे. जाड्या आज दुसऱ्या गाडीतून गेला.