माशचे नव्वद सेकंद

५ ऑक्टोबर

पोचले एकदाची. कट्टप्पनाचा घाट उतरताना बसमध्ये पोटातलं सगळं ढवळून निघालं होतं, पण चेर्तलाच्या या घरी पाय ठेवला आणि पुढ्यात तांदळाच्या पिठाचा वाफाळता पुट्टू नि हरभऱ्याची उसळ आली. आजाऱ्यांकडे मुली पाठवणाऱ्या एजन्सीच्या बाईंना मनातल्या मनात दुवा दिला. मागच्या घरची म्हातारी मला चिमटे काढायची. इथे मला स्वतंत्र खोली आहे, खिडकीखाली तळं आहे आणि घरात माणसं फक्त दोन.

दोघंही निवृत्त शिक्षक. गावासाठी ते सुगतन माश, म्हणजे मास्तर, आणि सरसम्मा टीचर. गंमत म्हणजे चाळीस वर्षांच्या संसारात एकमेकांनाही ते माश आणि टीचर असंच म्हणतात. माशना नसांचा आजार आहे. मान, हात, पाय, जीभ, सगळं गेलंय. राहिलंय ते उजव्या हाताचं एक बोट, त्याच्याखाली पेढ्याएवढं बटण आणि समोर कॉम्प्युटर. पडद्यावर अक्षरांची फळी असते. उजेड अक्षरांवरून सरकत जातो, हवं ते अक्षर आलं की माश बटण दाबतात, आणि वाक्य झालं की मशीन ते मोठ्याने बोलतं. आवाज बसस्टँडवरच्या घोषणेसारखा. माझ्याशी पहिलंच बोलले ते असं, की तुमच्या डोंगरात चहात मीठ घालतात का? साखरेऐवजी मीच मीठ घातलं होतं. टीचर पोट धरून हसल्या.

९ ऑक्टोबर

माशची मान दर थोड्या वेळाने वळवावी लागते, नाहीतर लाळ घशात उतरते. ते ‘मान’ एवढंच लिहितात, मशीन ओरडतं, मी धावते. टीचर म्हणाल्या, त्यांचा आवाज नसेल तर खुशाल समज की झोपलेत.

त्या कॉम्प्युटरला दोन बाजू आहेत. सुरू केला की काळ्या पडद्यावर मेनू येतो. वरच्या ओळीत माशची बाजू, तिथे त्यांच्या फळीशिवाय काही उघडत नाही. खालच्या ओळीत दुसरी बाजू, तिच्यावर मुलगा मस्कतहून दिसतो आणि मालिका बघता येतात. मेनू नव्वद सेकंद थांबतो. माशचं बटण हलकेच दाबलं की पट्टी खाली सरकते, धरून ठेवलं की निवड होते. बोट हलवायलाच त्यांना मिनिट लागतं, म्हणून नव्वद. काहीच दाबलं नाही तर त्यांचीच बाजू उघडते. मी म्हटलं, मग थांबायचं कशाला, मी आहे की दाबायला. त्यावर बराच वेळ अक्षरं जुळवून ते बोलले, की मुली, या घरातलं एवढं एकच दार मी स्वतः उघडतो.

१४ ऑक्टोबर

तुलाम महिना लागतोय, परतीच्या पावसाचा. दुपार झाली की आभाळ गडगडतं आणि अख्खं गाव भिंतीतल्या वायरी उपटायला धावतं. मागच्या साली विजेने शेजारचा टीव्ही जाळला होता. गडगडाट थांबला की वायर लावायची, कॉम्प्युटर चालू करायचा आणि आपल्या कामाला लागायचं. पुढचं माश बघतात.

आज त्यांनी मला शिष्या करून घेतलं. मी बारावीनंतर कॉम्प्युटरचा कोर्स केलाय हे कळल्यावर म्हाताऱ्याच्या डोळ्यांत काय चमक आली! आधी मला परवलीचा शब्द दिला. मग एकेक अक्षर जुळवत अख्खी सकाळ घालवून शिकवलं, की मेनूचा सगळा कारभार एका फायलीत असतो. किती थांबायचं तो आकडा तिथे, पहिली बाजू कोणती तेही तिथेच. बदलायचं, जतन करायचं, मग एक हुकूम लिहायचा म्हणजे मेनू नव्याने बांधला जातो. शेवटी म्हणाले, जमलं, आता तूसुद्धा माश. मला खरंच भरून आलं. इतक्या घरांतून राहिले, पण मला कुणी काही शिकवलं नव्हतं.

१९ ऑक्टोबर

दुपारी माश झोपले की टीचर मला मालिका बघू देतात. कॉम्प्युटर परत चालू करायचा आणि मी चुलीवरची पेज ढवळून येईपर्यंत ते नव्वद सेकंद संपून माशची बाजू उघडलेली. मग पुन्हा पहिल्यापासून. तीनदा असं झालं आणि निम्मा भाग हुकला.

म्हणून आज शिकवलेलं वापरलं. नव्वदचे तीन केले, दुसरी बाजू पहिली लावली. चालू करून जावं, येईपर्यंत मालिका तयार. माश उठायच्या आत मी स्वतः त्यांची बाजू लावून देते. कुणाला कळायचं कारण नाही. रविवारी होतं तसं करीन.

२४ ऑक्टोबर

कसं लिहू.

रविवार गेला. मी आकडा बदलला नव्हता.

दुपारी गडगडलं तशी वायर काढली. थांबल्यावर लावली, चालू केला. माश जागे होते, माझ्याकडे बघत होते. तेवढ्यात अंगणातून टीचर ओरडल्या, की एल्सी, खोबरं भिजतंय, ये लवकर. मी पळाले. दोघींनी मिळून खोबरं ओढून पडवीत आणलं, पुसलं, पसरलं. सर पुन्हा आली. आतून आवाज नव्हता. टीचर म्हणाल्या, झोपले वाटतं.

आत गेले तेव्हा पडद्यावर दुसरी बाजू होती. मुलाच्या लग्नाचा फोटो, त्यावर चित्रं, फळी नाही. माशची मान सरळ होती. बोट बटणावर दाबलेलं होतं.

मी आधी काय केलं ते लिहिते. मी आधी कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला आणि माशची बाजू लावली. मग टीचरना हाक मारली.

२६ ऑक्टोबर

डॉक्टर म्हणाले की या आजारात हे व्हायचंच. मुलगा येऊन माझे हात धरून रडला, म्हणाला तू पोटच्या मुलीसारखं केलंस. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं वाटलं. टीचरनी विचारलं, की त्यांनी हाक मारली होती का गं? मी नाही म्हटलं. ते खरंच आहे. तेच तर.

३१ ऑक्टोबर

सोळाव्या दिवसाच्या विधीपर्यंत टीचर मला सोडत नाहीत. त्या म्हणतात, समई लावतो तसा त्यांचा कॉम्प्युटर रोज चालू कर, घर मुकं वाटतं.

माश गेले त्याच दिवशी मी आकडा पुन्हा नव्वद केला होता. माशची बाजू वर घेतली होती. आज मेनू आला तो तीनवर. तीन, दोन, एक आणि लग्नाचा फोटो. परत नव्वद केले. बंद करून चालू केला. तीन.

फाईल उघडून पाहिली. फायलीत नव्वदच आहेत.

२ नोव्हेंबर

आज जेवताना आतून बटणाचा आवाज आला. टक. टीचरना ऐकू आला नाही. जाऊन पाहिलं, पलंग रिकामा, बटण गादीवर. पडद्यावर फळी उघडी, आणि उजेड सरकतोय, थांबतोय, सरकतोय. मग मशीन बोललं. ‘मान.’

मी उशीची मान वळवली. वेड लागलंय मला. उशीला कुठे मान असते.

४ नोव्हेंबर

सकाळी डावा हात उचलेना. डॉक्टर म्हणाले, तपासण्या ठीक आहेत, धसका घेतलाय. टीचर मला भरवतात, माशच्याच चमच्याने. म्हणतात, तू त्यांचं केलंस, आता मी तुझं करते. घास गिळवत नाही. सांगायचं ठरवलं होतं, तोंड उघडलं आणि—

उद्या सांगेन.

५ नोव्हेंबर

अक्षर वाकडं येतंय. जीभ जड. टीचरना वाटतं मी दुःखाने अबोल झालेय. सगळ्यांना सांगतात, बघा किती जीव होता तिचा.

६ नोव्हेंबर

पेन धरवत नाही. टीचरनी मला माशच्या पलंगावर निजवलं. बोटाखाली बटण ठेवलं. म्हणाल्या, बोल हं काय हवं ते.

आता फळीवर लिहितेय.

एक बोट राहिलंय.

७ नोव्हेंबर

मान. मान. मान.

टीचर धावत येतात. दर वेळी. कधी उशीर नाही.

८ नोव्हेंबर

आज सोळावा. पाहुणे गेले. टीचर एकट्या आहेत. आज सांगणार.

वेळ लागतो. उजेड सरकतो. माश किती वाट बघायचे.

वाक्य पुरं झाल्याशिवाय मशीन बोलत नाही.

आभाळ वाजलं. लवकर.

टीचर माश झोपले नव्हते

मी आकडा बद

टीचर आल्या. भिंतीकडे चालल्यात. वायर. घाबरू नकोस म्हणतात, गडगडाट थांबला की लावते, मग तुझं तू

नको टीचर तीनच सेकं