निळ्या पिंपातली भुरी

वनिता,

आज पुन्हा कोलाडला मांजर शोधायला गेलीस, पण भुरी इथेच होती, मागच्या दारच्या खताच्या पिंपात. साहिलने सकाळी वांग्यांना घालायला खत उपसलं, तर तळाशी हाडं निघाली.

भुरी कोलाडच्या हॉटेलात गल्ल्यावर बसते, गिऱ्हाइकापुढे बडीशेप सरकवते, ही माझी थाप. बडीशेपेला तू हसलीस, पण हॉटेल खरं धरून चार रविवार हिंडलीस. मला वाटलं, दुसऱ्या फेरीलाच कंटाळशील.

खत तापलं की ती उबेला आत शिरायची, पाला उकरायची. त्या दिवशी मी झाकण लावून वर चिरा ठेवला. आत ओरडली, ते ऐकलं मी. म्हटलं, घडीभर राहू दे, खोड मोडेल. मग नाक्यावर गप्पांना बसलो आणि विसरलो.

वास सुटला तेव्हा "कोळंबीची सालं टाकून खताची नासाडी केलीस गो," असं शेजारणींदेखत तुला बोललो. तू रडत वर राख पसरलीस. सालांचा काही दोष नव्हता.

मी पेणला लेकीकडे, दर्शनाकडे चाललोय. भात झाकून ठेवलाय.

साहिलला मी सांगितलंय, झाकण तू लावलंस. म्हणून आज तो तुझ्याशी बोलणार नाय. त्याला ही चिठ्ठी दाखवू नको. सुनेला वाचवायला म्हातारा बाप सगळं स्वतःवर घेईल, हेही त्याला सांगून ठेवलंय.

बाबा